एक घंटी थांब, दोन घंट्या चल

आधीच सांगतो, ही गोष्ट बनवलेली नाही.

ज्यांच्यासोबत घडली ती माझ्या घरातली माणसं आहेत. मावसभाऊ गोरक्षनाथ, त्याची बायको मोनिका आणि त्याची आई, म्हणजे माझी मावशी बायनाबाई. पटली तर घ्या, नाही पटली तर पुढची गोष्ट वाचा. मी कुणाच्या गळ्यात मारायला बसलो नाही.

आणि ही रात्रीची नाही. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी असलं काही यात शोधू नका. ही गेल्या उन्हाळ्यातली, भर उन्हातली, भोकरदन–जालना रोडवरची गोष्ट आहे.

रोडवरच्या ज्या फाट्यावर हे झालं त्याचं नाव सांगणार नाही. तिथं माणसं राहतात, त्यांच्या पोरींची लग्नं व्हायचीत.

तर झालं असं, की मावशीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागायचं. गाव रोडपासून आत. बस कधी यायची, कधी यायचीच नाही. एकदा बस चुकली आणि मशीनची पाळी गेली, तर दोन दिवसांत मावशीचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, श्वास घेता येईना. डॉक्टर गोरखला सगळ्यांसमोर बोलले, "पुन्हा पाळी चुकली तर आणूच नका."

ते त्याच्या काळजाला लागलं.

गोरख एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये वायरमन. पाच-सहा वर्षांचा होता तेव्हा त्याचा बाप, बिरूकाका, मेंढरामागं असतानाच गेला. मावशीनं दुसऱ्याची मेंढरं राखून याला आयटीआय केलं. त्याच्यासाठी मावशी म्हणजे माय, बाप, देव, जे म्हणाल ते. तो म्हणाला, "बस गेली खड्ड्यात. माय माझ्या गाडीत जाईल."

नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. म्हणून जुनी व्हॅन बघितली.

शेजारच्या गावात सोनूबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिचा नवरा भिवा पूर्वी याच रोडवर पॅसेंजर व्हॅन चालवायचा. एके दिवशी त्यानं ती बाभळीखाली लावली आणि पुन्हा किल्लीला हात लावला नाही. का, ते कुणाला बोलला नाही. पुढं वारला. व्हॅन तिथंच. आत कोंबड्या अंडी घालायच्या.

गोरखनं ती ओढून आणली. कोंबड्या काढल्या, पत्रा ठोकला, रंग मारला. इंजिन तर दुसऱ्याच दिवशी बोललं.

घोळ होता वायरिंगचा.

संध्याकाळी बॅटरी फुल्ल चार्ज करून ठेवायची. सकाळी बघावं तर... ठार.

नवी बॅटरी टाकली. तीही ठार.

आता वायरमनच्या दारात गाडी आणि करंट कुठं जातो ते कळेना, म्हणजे सुताराच्या घरी मोडका पाट. गाव हसायला लागलं. शेवटी गोरखनं जालन्याहून राधेश्यामला बोलावलं. राधेश्याम गाड्यांची वायरिंग करतो, तोंड सतत चालू, हात त्याहून जास्त.

दोघांनी रविवारी सकाळपासून गाडी उघडली. बॅटरीची एक केबल काढून मध्ये बल्ब जोडला. सगळं बंद असताना बल्ब पेटला तर समजायचं कुठंतरी करंट चोरीला जातोय. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, तिथं चोर.

पहिला फ्यूज काढला. बल्ब चालू.

दुसरा, तिसरा... चालू.

सगळे फ्यूज काढून राधेश्यामनं तळहातावर घेतले. गाडीत करंट जायला रस्ताच उरला नाही.

बल्ब चालूच.

"अर्थ बराबर न्हाई दिसत," राधेश्याम म्हणाला. गाडीवाले ज्याला अर्थ म्हणतात ती बॅटरीची बॉडीला बांधलेली वायर. त्यानं ती घासून नवी टाकली. बल्ब तसाच.

"आता मातर ह्याचा अर्थ लागत न्हाई," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

तेवढ्यात गोरखचं लक्ष गाडीच्या मागच्या बाजूला गेलं. डाव्या अंगानं गाडी जराशी... खाली बसली होती. कुणी सीटवर बसल्यावर बसते तेवढीच. चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, तर त्यानं नवे टाकले होते.

"मागं कोणी बसलंय का काय," राधेश्याम मस्करीत ओरडला. "ओ पॅसेंजर, उतरा म्हणावं. गाडी रिपेरिंगला हाय."

बल्ब एकदम लख्ख झाला.

मग विझला.

राधेश्यामनं फ्यूज परत बसवले, सगळं तपासलं. बॅटरी त्या दिवसानंतर एकदाही उतरली नाही. पण जाताना तो गोरखला बाजूला घेऊन म्हणाला, "गोरखभाऊ, एक सांगू का? फॉल्ट सापडला अन् गाडी नीट झाली, तर झोप लागती. फॉल्ट न सापडता नीट झाली ना, मंग फॉल्ट आतच बसून राह्यलाय."

गोरखनं ते मनावर घेतलं नाही. त्याला गाडी हवी होती.

एक गोष्ट मात्र त्यानं पाहिली होती. ती आत्ताच सांगून ठेवतो. भिवानं पॅसेंजरसाठी घंटी बसवलेली होती. मागच्या सीटजवळ बटन, घंटी पुढं ड्रायव्हरच्या पायापाशी. एसटीचाच कायदा. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. पण त्या घंटीची वायर मध्येच तोडलेली होती. तुटली नव्हती, पकडीनं तोडलेली. दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळलेली. गोरखला घंटीचं काय काम? त्यानं ती तशीच राहू दिली.

पहिल्या फेरीला मोनिकानं मागच्या सीटवर गोधडी अंथरली. गोरखनं मावशीला दोन्ही हातांवर उचलून आत बसवलं. पायावर सूज असायची, खाली पाय टेकवला की कळ यायची. म्हणून घरातून गाडीत आणि गाडीतून हॉस्पिटलात, उचलूनच. मोनिका घरी थांबली, लहान पोर होतं.

मावशी खूश. "गोरख्या, राजाची गाडी हाय रे ही," म्हणाली.

ऊन चढलं होतं. फाटा जवळ आला. लिंबाचं झाड, बंद पडलेली एक टपरी, दुसरं काही नाही.

आणि पायापाशी...

टिर्रर्र.

एक घंटी.

गोरखचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. वायर तोडलेली, दोन्ही टोकं त्याला पायापाशी दिसत होती. त्यानं आरशात बघितलं. मावशी एका कडेला सरकून बसली होती. अख्खी सीट मोकळी असताना... कडेला.

गाडी कुठं शॉर्ट झाली असेल, असं म्हणून त्यानं तशीच पुढं काढली.

थोड्या वेळानं मावशी म्हणाली, "थांबला का न्हाईस रे?"

"कशाला, माय?"

"बाईला उतरायचं व्हतं ना."

डायलिसिसच्या पेशंटला कधी कधी भास होतात, हे गोरखला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. त्यानं तेच धरून ठेवलं. पण परत येताना त्यानं मावशीला पुढच्या सीटवर घेतलं.

दुसऱ्या फेरीला मावशीच ऐकेना. "मागंच बसते. ती एकटी हाय बिचारी."

"कोण हाय माय?"

"मला काय ठावं. बोलत न्हाई. नुसतं पाणी मागती. आता मलाच डॉक्टरनं घोट मोजून दिलेत, तिला कुठून देऊ?"

फाटा आला. टिर्रर्र. एकच.

घरी येताच गोरखनं पाना घेतला आणि घंटी बुडासकट उपटली. वायर नाही, बॅटरी नाही, नुसता लोखंडाचा तुकडा. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर नेऊन ठेवली. मोनिका म्हणाली, "भंगारात टाका की." तो म्हणाला, "टाकतो."

तिसऱ्या फेरीला गाडीत काही वाजलं नाही. फाटा आला, गेला. गोरखनं सुस्कारा टाकला.

तेवढ्यात फोन. मोनिकाचा. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"अहो... तुम्ही कुठं आहात?"

"आत्ता फाटा गेला. का?"

पलीकडून नुसतं पोराचं रडणं ऐकू आलं.

"काय झालं सांग की."

"फळीवरची घंटी वाजली."

संध्याकाळी मावशीला घरी पोचवून गोरख थेट सोनूबाईकडं गेला. ती ओट्यावर ज्वारी पाखडत होती. घंटीचं नाव काढलं आणि तिचं सूप थांबलं.

"जोडली का काय तुम्ही?"

"न्हाई जोडली, माय. तरी वाजती."

सोनूबाईनं सूप खाली ठेवलं. मग जे सांगितलं ते गोरखनं मला जसंच्या तसं सांगितलंय.

लग्नसराईचे दिवस होते. वऱ्हाडातली पोरं घंटीशी खेळायची, भिवाला दर पाच मिनिटाला फुकटचा ब्रेक. वैतागून त्यानं एका सकाळी वायर तोडून टाकली. नेमकी त्याच दिवशी भोकरदनला एक म्हातारी चढली. मागच्या सीटवर, कडेला. म्हणाली, मला फाट्यावर उतरव बाबा. गाडीत वऱ्हाड, गाणी, गोंधळ. फाटा आला तेव्हा तिनं बटन दाबलं असणार. घंटी कुठून वाजणार? ओरडायचं बळ तिच्यात नव्हतं. बाहेर आग ओकणारं ऊन.

"जालन्याला समदे उतरले," सोनूबाई म्हणाली, "ती उतरली न्हाई. ह्यांनी हात लावला तं गार. बोट बटनावरच व्हतं."

"कोण व्हती?"

"न्हाई कळलं. पोलिसांनी लय दिवस चौकशी केली, कोणी इचारायलाच आलं न्हाई. आमी आपलं मायच म्हणतो तिला. ह्यांनी मरताना बी तेच म्हणलं, मायला तिच्या जागी उतरवायचं राह्यलं."

गोरख उठला. सोनूबाई मागून म्हणाली, "उतरवता आलं तं उतरवा. पर तिच्याकडं बघू नका."

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळल्यावर गाडी विकायची की. बोलायला काय जातंय. दोन दिवसांवर मशीनची पाळी होती. बसचा भरवसा नव्हता, भाड्याची गाडी ऐनवेळी मिळेल याची खात्री नव्हती, आणि डॉक्टरचं ते बोलणं त्याच्या डोक्यात होतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही तीच गाडी काढली असती. शिवाय मनातून त्याला बरंही वाटलं होतं. फॉल्ट सापडला होता. वायरमनला फॉल्ट सापडला की अर्धं काम झालं.

त्या सकाळी मावशी गप्प होती. मोनिकानं तिचे पाय ओल्या फडक्यानं पुसले, चप्पल घातली. गोरखनं उचलून मागं बसवलं. मावशी आपणहून कडेला सरकली.

फाट्यावर लिंबाखाली त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. रोडवर एक माणूस नाही. झाडावर पाखरू नाही. ऊन असं, की डांबराचा वास येत होता.

पाण्यानं भरलेला तांब्या त्यानं लिंबाच्या बुडाशी ठेवला. मग गाडीचा मागचा दरवाजा सरकवला. आत बघायचं नव्हतं. त्यानं डोळे घट्ट मिटले, हात जोडले.

नाव तर माहीत नव्हतं. आपल्याकडं अनोळखी म्हातारीला काय म्हणतात, तेच तो म्हणाला.

"उतर माय. तुझा फाटा आला."

काहीच नाही.

मग गाडी... हलकेच वर उठली. पाट्यांचा बारीकसा आवाज आला.

आणि अगदी हळू, कुणीतरी म्हणालं, "बरं बाबा."

मुरमावर पावलं वाजली. त्याच्या शेजारून गेली. लिंबाकडं.

पावलांचा आवाज विरेपर्यंत तो थांबला. मग डोळे न उघडताच हातानं चाचपून दरवाजा ओढला, पुढं येऊन बसला आणि गाडी चालू केली. फोन वाजला.

"अहो," मोनिका रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. "वाजली. पण दोनदा. दोनदा वाजली."

गोरखच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन घंट्या. चल. एवढ्या वर्षांनी म्हातारी तिच्या जागी उतरली होती, आणि आपल्या हातानं उतरली होती. त्यानं आरशात न बघताच मागं आवाज दिला, "माय, उतरली बघ ती."

मावशी काही बोलली नाही. डोळा लागला असेल, असं त्याला वाटलं. जालन्यापर्यंत त्यानं गाडी अगदी सावकाश नेली, तिची झोपमोड होऊ नये म्हणून.

हॉस्पिटलच्या दारात त्यानं दरवाजा सरकवला.

मावशी कडेला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर त्रास नव्हता. अंग गार पडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट बंद पडलं, अशा पेशंटचं होतं असं, तुम्ही काही चुकवलं नाही. वेळेत आणलं होतं.

मी एमआयडीसीतल्या माझ्या कामावरून तिथं पोचलो तेव्हा गोरख तिच्या पायांशी बसला होता. रडत नव्हता. मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "दादा, हे बघ."

मावशीच्या चपला गाडीत, सीटखाली, जोडीनं ठेवलेल्या होत्या.

आणि तिच्या तळपायांना... मुरूम लागला होता.

सकाळी मोनिकानं पुसलेले पाय. गोरखनं हातांवर उचलून आणलेली बाई. मी स्वतः बोट लावून बघितलं. तांबडा, बारीक, ताजा मुरूम.

मी म्हणालो, आता हे कुणाला बोलू नकोस. दुसरं काय म्हणणार होतो?

दहावा झाला, तेरावा झाला. व्हॅन अंगणात ताडपत्रीखाली. घंटी फळीवर, कुणाला सुचलंच नाही हलवायचं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी, गोरख आणि मोनिका स्वयंपाकघरात बसलो होतो. सकाळची वेळ, मोनिका चहा गाळत होती.

टिर्रर्र.

एक घंटी.

मोनिकानं पातेलं खाली ठेवलं आणि फळीकडं बोट दाखवलं. मी उठून अंगणात गेलो, ताडपत्री उचलली. सगळे दरवाजे बंद. आतला दिवा चालू. बॅटरी तर गोरखनं केव्हाच काढून ठेवली होती.

गाडी डाव्या अंगानं जराशी बसलेली होती.

मागं गोरख येऊन उभा राहिला. मोनिकाही आली. तिनंच विचारलं, आणि ते तिनं विचारायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

"मंग त्या दिवशी... कोण उतरलं?"

गोरखनं ताडपत्री परत खाली ओढली. पण त्याला कळलं होतं. मलाही त्याच क्षणी कळलं. त्यानं नाव घेतलं नव्हतं. गाडीत दोन म्हाताऱ्या होत्या, आणि त्यातल्या एकीला तो जन्मापासून माय म्हणत आला होता. पोरानं उतर म्हटल्यावर ती कशाला बसून राहील?

त्या "बरं बाबा"चा आवाज कुणाचा होता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. एकदाच, त्याचा तोच म्हणाला, "दादा, आवाज ओळखीचा होता. मी डोळे उघडायला पायजे होते."

व्हॅन अजून अंगणातच आहे. विकायची म्हणावं तर कुणाच्या गळ्यात बांधणार, आणि जाळायची म्हणावं तर आत कुणीतरी बसलंय. गोरखला पुन्हा एकदा फाट्यावर न्यायचीय. मला सोबत चल म्हणतो. मी कामाचं निमित्त सांगून टाळतो.

भीती वाटते, दुसरं काही नाही. आत बसलेल्या बाईचं नाव अजूनही कुणाला माहीत नाही. दरवाजा उघडून तिला काय म्हणून हाक मारायची, हे आमच्यातल्या कुणालाच सुचलेलं नाही.